रोहिणी

डंडीत सकाळचे साडेआठ, आणि उजाडायचं मनावर नाही कुणाच्याच.
नऊ विहिरींचं नाव या इस्पितळाला,
पाणी मात्र मी नळाचंच तापवते
आणि जेलची बाटली त्यात धरून ठेवते.
जानेवारीत गार जेल कुणाच्या मानेला लावणं
म्हणजे ओळख व्हायच्या आधीच भांडण.

मिस्टर पेट्री, हनुवटी वर. जरा डावीकडे.
वय अठ्ठ्याहत्तर. ताग गिरणीत माग दुरुस्त केलेले हात
पोटावर ठेवून ते छताशी बोलतात:
"लोणी सोडलंय, पोरी. मग हे आतून कोण सारवतंय?"

काय सांगू.
शाळेच्या पुस्तकात एक रोहिणी होती, दुसरी नीला,
एका बाकावरच्या दोन मुली असाव्यात तशा.
रोहिणी लाल खडूची, हृदयाकडून निघून जाणारी.
भिंतीला जीव असतो हे पुस्तकात नव्हतं.
आतलं पातळ अस्तर दिवसभर कान देऊन ऐकतं
स्वादुपिंड काय म्हणतंय,
पोटाचा घेर काय म्हणतोय,
हेही नव्हतं.

इन्सुलिन येतं, कडी वाजवतं.
दार उघडतं, साखर आत जाते,
आणि जाताजाता तेच भिंतीला म्हणतं,
अगं, सैल हो थोडी.
भिंत सैल होते. रक्त ऐसपैस जातं.
मग वर्षानुवर्षं तीच कडी, तोच आवाज;
घरातले ऐकून न ऐकल्यासारखं करतात.
इन्सुलिन दुप्पट येतं, तिप्पट येतं, दारावर धडका मारतं
आणि "सैल हो" म्हणायचं राहूनच जातं.

चरबीही मुकी नव्हे.
"पुरे झालं" हा तिचाच निरोप, लेप्टिन नावाचा,
रोज पाठवून पाठवून कुणी वाचेनासा झालेला.
आणखी एक आहे तिच्याकडे, अ‍ॅडिपोनेक्टिन,
भिंतीवरून मायेचा हात फिरवणारं.
गंमत अशी, की पोटातली कोठी जितकी भरते
तितका तो हात आखडता होत जातो.

हे सगळं डंडीच्या इंग्रजीत मला जमायचं नाही.
"निरोप पोचत नाहीयेत, मिस्टर पेट्री," एवढंच म्हणते.
ते हसतात. मान हलते, चित्र विस्कटतं.
"गिरणी बंद पडायच्या आधीही हेच झालं होतं.
ऑफिसात चिक्कार बोलायचे. मागापर्यंत काही यायचं नाही."

आवाज चालू करते.
शूप्... शूप्... शूप्...
इचलकरंजीत आमच्या गल्लीला रात्रभर असलाच आवाज,
माग थांबला की झोपमोड व्हायची.
अप्पा काटकुळे. चहात तीन चमचे साखर,
पट्ट्याला घरी पाडलेलं जास्तीचं भोक.
"अंगावर मांस कुठाय, तपासायचंय काय?"
चरबी आत बसली होती, यकृताशेजारी,
पाठ करून बसलेल्या पाहुण्यासारखी.
एक्कावन्नाव्या वर्षी माग चालूच राहिला,
ते खाली.

शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर.
जेमतेम दोन नखांची जाडी,
आणि एका जागी, वळणावर, थोडी राड.
लिहून घेते. मानेवरचं जेल पुसून देते.
टोपी घालताना ते विचारतात, "बरी आहे ना माझी भिंत?"
"डॉक्टर सांगतील," म्हणते. हे वाक्य मला फार छान येतं.

दुपारी एली म्हणाली, आता तू आडवी हो.
तिनं बाटली तापवली नव्हती.
मी त्रेचाळीस. सडपातळ, असं सगळेच म्हणतात.
पडद्याकडे बघायचं नाही ठरवलं होतं,
कानांचं काय करणार?

आकडा इथे लिहीत नाही.
संध्याकाळची बस डोळ्यांदेखत जाऊ दिली.
टे नदीवरून वारा असा, की छत्री उघडणारा नवखाच ओळखावा.
चढावर पोटऱ्या भरून आल्या,
श्वास तोंडातून धुरासारखा,
आणि कुठेतरी आत, खूप आत,
कुणी कडी वाजवली.

आले, म्हटलं मी.
मोठ्यानं. मराठीत.